बदललेली धूरनळी आणि इंजिनाचा पेट्रोल-हिशेब

शेतमाल बाजारांत पोंचविण्यासाठीं हल्लीं पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत पेट्रोलवर चालणारा छोटा टेम्पो, जीप किंवा मोटारगाडी असते. आणि मोटारसायकल नाहीं असें बागाईतदाराचें घर तर विरळाच. गाडी कांहीं वर्षें वापरली कीं तिच्या धुराच्या नळ्या आंतून कुजतात, सायलेन्सरास भोंकें पडतात, मॅनिफोल्डास चीर जाते. मूळ कारखान्याचा भाग महाग पडतो, म्हणून बाजारांत मिळणारा दुसऱ्या बनावटीचा भाग बसविण्यांत येतो. कित्येक तरुण मंडळी तर चांगला सायलेन्सर काढून केवळ आवाजाच्या किंवा जोराच्या हौसेनें दुसरा बसवितात. त्यानंतर थोड्याच दिवसांत तक्रारी ऐकूं येऊं लागतात. पेट्रोल जास्त जातें, उभ्या गाडीचें इंजिन थरथरतें, धुरास कच्च्या पेट्रोलचा वास येतो, आणि चालकासमोरील फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून राहतो. मग एकामागून एक भाग बदलण्याचें सत्र सुरू होतें. पैसे जातात, दिवस जातात, आणि ऐन तोडणीच्या हंगामांत गाडी कारखान्यांत अडकून पडते.

हा खर्च बहुतेक वेळां टाळतां येण्याजोगा असतो. आजचें पेट्रोल-इंजिन आपल्या इंधनाचा हिशेब स्वतःच ठेवतें, आणि तो हिशेब कोणासही वाचतां येतो. तो कसा वाचावा आणि धूरनळी बदलल्यानंतर बिघडला तर चूक कोठें शोधावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. आरंभींच एक खुलासा करतों. येथील विवेचन पेट्रोल आणि सी.एन.जी. वर चालणाऱ्या, इंजेक्टर असलेल्या इंजिनांपुरतें आहे. डिझेलच्या ट्रॅक्टरास किंवा जुन्या कार्बुरेटरच्या गाडीस तें लागू नाहीं.

हिशेब म्हणजे काय

पेट्रोल पुरतें जळावयाचें तर एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण दुबळें झालें असें म्हणतात; पेट्रोल जास्त झालें तर मिश्रण भारी झालें असें म्हणतात. धूर शुद्ध करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नळींत बसविलेला असतो, तो आपलें काम नीट करतो तें या प्रमाणाच्या अगदीं जवळपास मिश्रण असलें तरच. म्हणून गाडीचा संगणक हें प्रमाण क्षणोक्षणीं सांभाळीत असतो.

संगणकाची कामाची रीत आमच्या वाचकांस आणेवारीच्या उदाहरणानें चटकन् समजेल. पीक उभें असतांना नजरेनें अदमास करतात, आणि पुढें नमुन्याच्या तुकड्यांतील पीक कापून, झोडून, वजन करून तो अदमास दुरुस्त करतात. संगणकाजवळही कारखान्यानें भरून दिलेलें एक कोष्टक असतें. इंजिनाचे फेरे किती, आंत जाणारी हवा किती, तिची उष्णता किती, हें पाहून तो त्या कोष्टकावरून पेट्रोलचा अदमास करतो आणि इंजेक्टर तितका वेळ उघडतो. मग धूरनळींत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला सांगतो कीं, धुरांत प्राणवायु शिल्लक राहिला किंवा नाहीं. शिल्लक राहिला असेल तर पेट्रोल कमी पडलें असें संगणक समजतो व थोडें वाढवितो. राहिला नसेल तर थोडें कमी करतो. मूळ अदमासावर शेंकडा किती वाढविलें किंवा किती घटविलें, या आंकड्यास ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. आपण त्यास इंधन-दुरुस्ती म्हणूं.

ही दुरुस्ती दोन खात्यांत असते. एक तात्पुरती, ती सेन्सरच्या सांगण्याप्रमाणें दर क्षणास खालींवर होत असते. स्कॅनरवर ती ‘शॉर्ट टर्म’ या नांवानें दिसते. दुसरी कायमची, तात्पुरती दुरुस्ती पुष्कळ वेळ एकाच बाजूस झुकलेली आढळली म्हणजे संगणक ती या दुसऱ्या खात्यांत जमा करून टाकतो. तिचें नांव ‘लाँग टर्म’. दोन्ही खात्यांची बेरीज ती खरी दुरुस्ती. आंकड्यापुढें अधिक चिन्ह असेल तर संगणक पेट्रोल वाढवीत आहे, आणि उणें चिन्ह असेल तर घटवीत आहे, असें समजावें. बेरीज अधिक ५ आणि उणें ५ यांच्या दरम्यान असली तर इंजिन निरोगी समजावें. १० पर्यंत चालवून घेतां येतें. त्यापुढें गेली तर कारण शोधलें पाहिजे. बहुतेक गाड्यांत ती २५ च्या आसपास पोंचली म्हणजे पिवळा दिवा लागतो आणि संगणकांत दोषाचा क्रमांक नोंदला जातो. पी ०१७१ हा क्रमांक मिश्रण दुबळें असल्याचा, व पी ०१७२ हा भारी असल्याचा.

साक्षीदार एकच

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. इंजिनांत पेट्रोल खरोखर किती जळलें हें संगणक पाहत नाहीं. त्याला ठाऊक असते ती फक्त सेन्सरची साक्ष. आणि सेन्सर पेट्रोल मोजीत नाहीं, प्राणवायु मोजतो. तो प्राणवायु इंजिनांतून आला कीं नळीच्या फटींतून बाहेरून शिरला, हें त्याला कळत नाहीं.

हा सेन्सर बॉश कंपनीनें सन १९७६ मध्यें प्रथम बाजारांत आणला आणि अमेरिकेंत कॅलिफोर्नियासाठीं पाठविलेल्या व्होल्व्हो गाड्यांत तो प्रथम बसविण्यांत आला. त्याच्या टोंकास झिर्कोनियाची एक टोपी असते. टोपीच्या बाहेरील बाजूस धूर आणि आंतील बाजूस स्वच्छ हवा असते. दोहोंकडील प्राणवायूंत जितकी तफावत, तितका विजेचा दाब उत्पन्न होतो. मिश्रण भारी असतां सुमारें ०.९ व्होल्ट, दुबळें असतां सुमारें ०.१ व्होल्ट. निरोगी इंजिनांत हा आंकडा ०.४५ च्या वरखालीं सारखा झोके घेत असतो. टोपी सुमारें ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय ही वीज भरंवशाची नसते, म्हणून आजकालच्या सेन्सरांत तापविण्याची तार बसविलेली असते. कांहीं गाड्यांत पहिल्या सेन्सरच्या जागीं याहून सूक्ष्म मोजणारा दुसऱ्या जातीचा सेन्सर असतो. त्याचे व्होल्ट असे झोके घेत नाहींत, परंतु तो फसतो मात्र त्याच रीतीनें.

बहुतेक मोटारगाड्यांत असे दोन सेन्सर असतात. पहिला कन्व्हर्टरच्या अलीकडे, इंजिनाजवळ. पेट्रोलचा हिशेब मुख्यतः याच्या साक्षीवर चालतो. दुसरा कन्व्हर्टरच्या पलीकडे. त्याचें मुख्य काम कन्व्हर्टरवर देखरेख करण्याचें. म्हणून धूरनळीचा जो भाग बदलला तो पहिल्या सेन्सरच्या अलीकडचा कीं पलीकडचा, हा पहिला प्रश्न. दोन्ही सेन्सरांच्या पलीकडे, गाडीच्या शेपटाकडील नुसता सायलेन्सर बदलला असेल, तर इंधन-दुरुस्तींत फारसा फरक पडूं नये. पडला तर दोष बहुधा दुसरीकडे आहे, आणि सायलेन्सर उगाच बदनाम होत आहे.

बाहेरची हवा आंत कशी शिरते

नळीस फट असली तर धूर बाहेर येईल, हवा आंत कशी जाईल, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु धूर नळींतून पाटाच्या पाण्यासारखा संथ वाहत नाहीं. झडप उघडली कीं धुराचा एक ठोका सुटतो. ठोका पुढें गेला कीं त्याच्या मागें क्षणभर ओढ उत्पन्न होते. मग दुसरा ठोका. इंजिन मंद चालत असतां हे ठोके दूर दूर पडतात आणि मधल्या ओढीच्या क्षणीं फटींतून बाहेरची हवा आंत खेंचली जाते. ठोक्याच्या वेळीं तीच फट धूर बाहेर टाकते. इंजिनावर भार पडला, फेरे वाढले, म्हणजे नळींत धुराचा दाब सारखा राहतो आणि धुराच्या मानानें शिरणारी हवा नगण्य होते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, पहिल्या सेन्सरच्या अलीकडे फट असेल तर मंद चालीवर दुरुस्तीचा आंकडा मोठा अधिक दिसेल, आणि फेरे व भार वाढतांच तो उतरेल. दुसरी, आणि ही विशेष महत्त्वाची : इंजिनांत मिश्रण मुळांत बरोबर असतां संगणक खोट्या साक्षीवर पेट्रोल वाढवितो, म्हणून इंजिन प्रत्यक्षांत भारी चालतें. दिवा म्हणतो ‘पेट्रोल कमी’, आणि प्लग काढून पाहावे तर ते काजळीनें काळे झालेले. ही विसंगति जेथें आढळेल तेथें इंजेक्टर, पंप, फिल्टर यांच्या मागें न लागतां धूरनळीकडे जावें.

या खोट्या साक्षीची किंमत लहान नाहीं. समजा, एखादी गाडी महिन्यास ६० लिटर पेट्रोल पिते आणि शेंकडा १५ ची चुकीची वाढ सर्व वेळ टिकून राहिली. तर महिन्यास सुमारें ९ लिटर पेट्रोल फुकट गेलें. शिवाय न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढतें, खालीं उतरून इंजिनाचें तेल पातळ करतें, आणि नळींत जाऊन कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापवितें. नवा कन्व्हर्टर घ्यावा लागला तर सायलेन्सरांत वांचविलेले पैसे कित्येक पटींनीं परत द्यावे लागतात.

आंकडे कसे घ्यावे

मोटारगाड्यांत स्टिअरिंगच्या खालीं बहुधा सोळा टोंकांचा एक खिसा असतो. त्यांत बसणारा लहान स्कॅनर बाजारांत स्वस्त मिळतो आणि तो भ्रमणध्वनीशीं जोडून आंकडे पाहतां येतात. भारतांत १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ मानक लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींतही इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर आले; परंतु त्यांचा खिसा पुष्कळदां निराळ्या घाटाचा असतो व त्यास वेगळी जोड-तार लागते.

आंकडे घेण्याची रीत अशी. इंजिन पुरतें तापूं द्यावें. पाण्याची उष्णता ८० अंशांच्या वर गेली पाहिजे. थंडा करणारें यंत्र, दिवे वगैरे बंद ठेवावेत. मग मंद चालीवर, मिनिटास १५०० फेऱ्यांवर, २५०० फेऱ्यांवर, आणि शेवटीं सपाट रस्त्यावर एकसारख्या ५० ते ६० किलोमीटरच्या गतीनें, अशा चार स्थितींत प्रत्येकीं एक मिनिट थांबून दोन्ही खात्यांचे आंकडे लिहून बेरीज करावी. रस्त्यावरचे आंकडे दुसऱ्या माणसानें घ्यावे. चालकानें डोळे रस्त्यावरच ठेवावे. सी.एन.जी.ची सोय असलेल्या गाडींत पेट्रोलवरचे आणि वायूवरचे आंकडे निरनिराळे लिहावे. दोहोंची सरमिसळ केल्यास कांहींच अर्थ निघणार नाहीं.

सर्वांत उत्तम म्हणजे नवा भाग बसविण्याच्या आदल्या दिवशीं एकदां हे आंकडे घेऊन ठेवावे. मागील नोंद असली तर नव्या नोंदीशीं ताडून पाहतां येतें. ती नसली तर वाद उरतो. जमिनीच्या बाबतींत ज्यांनीं हा अनुभव घेतला आहे त्यांस याहून जास्त सांगणें नलगे.

आंकड्यांवरून निदान

मंद चालीवर आंकडा मोठा अधिक, आणि फेरे वाढतांच उतरणारा. याचीं मुख्य कारणें दोन. एक, वर सांगितलेली धूरनळीची फट. दुसरें, इंजिनांत हवा नेणाऱ्या बाजूस, थ्रॉटलच्या पुढें, रबराची नळी सुटणें किंवा पॅकिंग फाटणें. दोहोंचे आंकडे सारखे दिसतात, म्हणून भेद कसा करावा तें सांगतों. हवेच्या बाजूच्या फटींत मिश्रण खरोखरच दुबळें होतें; प्लग काळे होत नाहींत. धूरनळीच्या फटींत प्लग काळे होतात. आणखी असें कीं, कांहीं गाड्यांत आंत जाणारी हवा थेट मोजण्याचें मापक असतें आणि पुष्कळ लहान गाड्यांत त्याऐवजीं मॅनिफोल्डांतील दाबावरून हवेचा अदमास करतात. या दुसऱ्या जातींत हवेच्या बाजूस फट पडली तर दाब वाढतो व संगणक त्याप्रमाणें पेट्रोलही वाढवितो. म्हणून इंजिनाचे फेरे वाढलेले दिसतात, पण दुरुस्तीचा आंकडा फारसा हलत नाहीं. अशा गाडींत धूरनळीचें काम झाल्यानंतर मंद चालीवर मोठा अधिक आंकडा दिसला तर संशय धूरनळीवरच जास्त घ्यावा.

मंद चालीवर ठीक, पण भारावर आंकडा वाढत जाणारा. हा धूरनळीचा दोष नव्हे. पेट्रोल पुरत नाहीं. फिल्टर चोंदला असेल, पंप थकला असेल, किंवा हवा मोजणारें मापक धुळीनें कमी दाखवीत असेल.

सर्व स्थितींत थोडा, सारखाच फरक. बाजारी नळीची वाट जास्त मोकळी असेल तर इंजिनाचा श्वास बदलतो. दाबावरून हवेचा अदमास करणाऱ्या गाडींत कारखान्याचें कोष्टक मूळ नळीप्रमाणें असल्यामुळें शेंकडा दोनचार अंशांचा फरक राहणें स्वाभाविक आहे. तो दोष नव्हे. संगणक आपलें काम करीत आहे असें समजावें.

आंकडा मोठा उणा. संगणक पेट्रोल घटवीत आहे. धूरनळीची फट सहसा असें करीत नाहीं. इंजेक्टर गळणें, पेट्रोलचा दाब वाढणें, किंवा टांकींतील वाफ इंजिनांत सोडणारी झडप उघडी राहणें, हीं कारणें पाहावीं. सहा सिलिंडरांच्या दुरांगी इंजिनांत मात्र एका रांगेचा आंकडा मोठा अधिक व दुसरीचा मोठा उणा दिसला तर नळ्या बसवितांना दोन सेन्सरांच्या तारा एकमेकींच्या जागीं जोडल्या गेल्या असें निश्चित समजावें.

आणखी एक कारण आमच्या ऊंस पिकविणाऱ्या वाचकांच्या जिव्हाळ्याचें आहे. इथेनॉलास पुरतें जळण्यासाठीं वजनानें सुमारें ९ भागच हवा लागते. शंभरांत वीस भाग इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास म्हणून १४.७ नव्हे, तर सुमारें १३.५ भाग हवा पुरते. सन २०२५ पर्यंत देशांत वीस टक्क्यांचें मिश्रण सर्वत्र विक्रीस आलें. दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठीं कोष्टक भरलेल्या गाडींत हें पेट्रोल घातलें कीं, कोणताही बिघाड नसतां दुरुस्तीचा आंकडा शेंकडा चारच्या आसपास वर सरकतो. त्याहून जुन्या गाडींत आणखी. धूरनळी बदलण्याच्या सुमारास पेट्रोलही बदललें असेल तर हा वाटा वजा करूनच निदान करावें.

फट शोधण्याची रीत

सकाळीं इंजिन थंडगार असतां सुरू करून मॅनिफोल्डाजवळ कान द्यावा. फटींतून ‘टिक टिक’ असा आवाज येतो व लोखंड तापून फुगलें कीं तो पुष्कळदां बंद पडतो. म्हणून तापलेल्या गाडीवर फट सांपडत नाहीं. सांध्यांभोंवतीं काजळीचे काळे ओघळ दिसतात काय तें पाहावें.

याहून खात्रीची रीत अशी. इंजिन बंद व थंड असतां सायलेन्सरच्या तोंडास कचरा उडविण्याच्या ब्लोअरची नळी चिंधी गुंडाळून बसवावी आणि हळू हवा सोडावी. मग मॅनिफोल्डाचा सांधा, फ्लँज, वेल्डिंगची शिवण, क्लॅम्प आणि सेन्सरचे आटे या सर्वांवर साबणाचें पाणी शिंपावें. फट असेल तेथें फुगे येतील. यास खर्च कांहींच नाहीं. चालत्या इंजिनाची परीक्षा मात्र बंद खोलींत कधींही करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साईड वायु वास न येतां जीव घेतो.

फट सांपडली नाहीं तर सेन्सरची मांडणी तपासावी. बाजारी नळींत सेन्सरचें भोंक पुष्कळदां मूळ जागेपासून दूर नेलेलें असतें. तें एकाच सिलिंडरच्या शाखेवर असेल तर साक्ष एका सिलिंडरची आणि शिक्षा सर्वांस असें होतें. शाखा जेथें एकत्र होतात त्याच्या पुढें तें असलें पाहिजे. फार दूर असेल तर सेन्सर थंड पडतो. भोंक नळीच्या पोटाखालीं असेल तर ओलावा टोपीवर सांचून ती तडकते. सेन्सरचा कल आडव्या रेषेच्या वर निदान दहा अंश असावा. तार तापलेल्या नळीस टेंकून वितळली आहे काय, हेंही पाहावें. तारेचें आवरण जाऊन ती लोखंडास लागली कीं सेन्सरची वीज शून्याजवळ राहते आणि संगणक पेट्रोल वाढवीत सुटतो. तार अपुरी पडते म्हणून मध्येंच डाक देऊन वाढवूं नये. पुष्कळ सेन्सर आपल्याला लागणारी स्वच्छ हवा तारेच्या आंतूनच घेतात. आवश्यकच असेल तर तयार जोड-तार घ्यावी.

सांधा बसवितांना साधा सिलिकोनचा लेप वापरूं नये. त्याची वाफ सेन्सरच्या टोपीवर बसून तिला कायमची निकामी करते. सेन्सरला चालेल असें ज्यावर लिहिलें असेल तोच लेप घ्यावा, आणि शक्यतों नवें पॅकिंग घालून लेपाची गरजच पडूं देऊं नये. प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेला प्राणवायु नळींत येऊन हीच खोटी साक्ष मिळते, म्हणून प्लगही त्याच वेळीं पाहून घ्यावे.

एक उदाहरण

आमच्या माहितीच्या एका डाळिंब-बागाईतदारानें आपल्या पेट्रोल टेम्पोचा तडकलेला मॅनिफोल्ड काढून जुन्या बाजारांतून दुसरा आणून बसविला. आठवड्यांत पिवळा दिवा लागला. क्रमांक पी ०१७१. कारखानदारानें प्रथम नवा सेन्सर घातला, मग इंजेक्टर धुतले, मग पंप बदलण्याची गोष्ट काढली. तेव्हां मालकानें आंकडे घेतले. मंद चालीवर कायमची दुरुस्ती अधिक १७ व तात्पुरती अधिक ५, एकूण २२, २५०० फेऱ्यांवर एकूण ६, रस्त्यावर ३. भारावर आंकडा उतरत होता, अर्थात् पंप निर्दोष होता. प्लग काढले तर काळे. साबणाच्या पाण्यानें मॅनिफोल्डाच्या दुसऱ्या व तिसऱ्या शाखांमध्यें फुगे दाखविले. जुना मॅनिफोल्ड उष्णतेनें वांकडा झाला होता आणि त्याचें तोंड सपाट बसत नव्हतें. तोंड घांसून सपाट केलें, नवें पॅकिंग घातलें, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमानें सारखे आवळले. तीन दिवसांनीं मंद चालीवर एकूण आंकडा ३ वर आला. खर्च पॅकिंगचा आणि घांसण्याच्या मजुरीचा. सेन्सरचे व इंजेक्टरचे पैसे मात्र आधींच गेले होते.

कांहीं इशारे

दिवा लागला कीं बॅटरीची तार काढून तो घालविण्याची युक्ति पुष्कळ ठिकाणीं चालते. पुष्कळ गाड्यांत त्यानें संगणकाचीं खातीं कोरीं होतात, दोष तसाच राहतो आणि पुराव्याचा कागद तेवढा फाडला जातो. आंकडे लिहून घेण्यापूर्वीं असें कधींही करूं देऊं नये. फट बुजविल्यावर मात्र स्कॅनरनें जुना हिशेब पुसून दोन-तीन दिवस नेहमींप्रमाणें गाडी चालवावी आणि पुन्हां आंकडे घ्यावे. तेव्हांच काम झालें किंवा नाहीं तें ठरेल.

कन्व्हर्टर काढून सरळ नळी बसवून देण्यास कांहीं कारागीर तयार असतात. त्यानें दुसरा सेन्सर तक्रार करतो, पी ०४२० हा क्रमांक येतो, आणि धूर विषारी होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नें गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर बंधन घातलें आहे, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम १२० सायलेन्सरविषयींच आहे. तेव्हां दुसऱ्या बनावटीचा भाग घ्यावयाचाच तर मूळ भागाच्या मापाचा, कन्व्हर्टर कायम ठेवणारा, आणि सेन्सरचें भोंक मूळ जागीं असलेला घ्यावा. विकत घेतांना जुना भाग बरोबर नेऊन शेजारीं ठेवून मापें पडताळावीं.

सारांश हा कीं, दिवा दोष दाखवीत नाहीं, साक्ष दाखवितो. आणि धूरनळीस हात लावल्यानंतर ती साक्षच प्रथम तपासली पाहिजे. चार स्थितींतील आंकडे, प्लगांचा रंग आणि साबणाचें पाणी, एवढ्या तीन गोष्टी हातीं असल्या तर पैसे देण्यापूर्वीं कारागिरास काय विचारावें तें मालकास कळेल. विहिरीचें पाणी शेतास पुरेना झालें तर जाणता शेतकरी दुसरी विहीर खणण्याआधीं पाट कोठें फुटला आहे तें पाहून येतो. गाडीच्या बाबतींतही तीच रीत ठेवावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.